थ्री-नॉट-थ्री : एका आकड्याचा प्रशासकीय इतिहास

भारतातील कोणत्याही जिल्ह्याची शस्त्र-परवान्यांची नोंदवही उघडली तर तिच्यात एक रकाना हमखास आढळतो – 'बोर'. परवानाधारकाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, हत्याराचा प्रकार, त्याचा क्रमांक, आणि शेजारी बोर, म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. या रकान्यात १२ बोर, .३१५, .३२ हे आकडे पानोपानी येतात. .३०३ हा आकडा मात्र सहसा दिसत नाही. वास्तविक बंदुकीचा एकच आकडा सांगा असे कुणालाही विचारले, तर तो 'थ्री-नॉट-थ्री' असेच सांगेल. कोषागाराच्या पहाऱ्यावर, मतदान केंद्राच्या दारात, जुन्या चित्रपटातील हवालदाराच्या खांद्यावर आपण तीच रायफल पाहिलेली असते. मग सर्वांच्या ओळखीचा हा आकडा नागरिकांच्या नोंदवहीत का नाही?

या प्रश्नाचा माग काढता काढता मी एका अनपेक्षित विषयापाशी पोचलो. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन या देशांत लष्कराने निकाली काढलेल्या जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफली जमवण्याचा आणि त्यांना मूळ रूपात आणण्याचा छंद असलेली बरीच मंडळी आहेत. त्यांच्या संग्रहांत भारतात घडलेल्या रायफली मोठ्या संख्येने आहेत. त्या रायफलींवरील खुणा, कापलेली लाकडे आणि बदललेल्या नळ्या पाहिल्या की लक्षात येते, की शासनाचा इतिहास फक्त फायलींत असतो असे नाही. कधी कधी तो पोलादावर आणि अक्रोडाच्या लाकडावरही लिहिलेला असतो.

आरंभ अर्थातच १८५७ पासून करावा लागतो. त्या उठावाची ठिणगी एन्फील्ड रायफलीच्या काडतुसावरून पडली हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. रायफल म्हणजे नळीच्या आत पिळाच्या खाचा असलेली बंदूक. या खाचांमुळे गोळी फिरत जाते, लांब जाते आणि नेमकी लागते. उठावानंतर हिंदी पायदळासाठी जी बंदूक तयार झाली, ती दिसायला एन्फील्डसारखीच होती, पण तिच्या नळीत खाचाच ठेवल्या नाहीत. बाहेरून तीच, आतून मुद्दाम दुबळी! पुढे अनेक वर्षे हेच धोरण चालले. गोऱ्या पलटणींना नवे हत्यार मिळाले की त्यांचे जुने हत्यार हिंदी पलटणींकडे यायचे. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री, तेव्हा हिंदी सैनिकाकडे स्नायडर. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड, तेव्हा हिंदी सैनिकाकडे मार्टिनी. सैनिक आपलाच, पगार आपणच देतो, पण विश्वास मात्र एक पिढी मागचा. १९१४ साली हिंदी सैन्य फ्रान्समध्ये मार्से बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्याकडील रायफली जमा करून नव्या नमुन्याच्या रायफली त्यांच्या हाती द्याव्या लागल्या, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सैनिकावर एवढा विश्वास, तर नागरिकावर किती असणार? लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग नव्हे. शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले, आणि युरोपीय रहिवाशांना त्यातून सूट दिली. लोकांना बोचली ती ही सूट. १८८७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव झाला होता.

तरीही राज्यकर्त्यांपुढे एक व्यावहारिक अडचण उरलीच. संस्थानिक, जमीनदार, चहामळेवाले, शिकारी, वनाधिकारी यांच्याकडे परवान्याच्या रायफली असणारच होत्या. सैन्याच्या कोठारातून चोरीला जाणारी काडतुसे या रायफलींत चालली तर? बंदूक एकदा घेतली की झाले. काडतूस मात्र पुन्हा पुन्हा लागते. ज्याच्या हाती काडतुसाचा पुरवठा, त्याच्या हाती बंदूक. म्हणून बंधन घालायचे ते आकड्यावर, असे सरकारने ठरवले. सैन्याच्या मापाचे हत्यार नागरिकाला मिळणार नाही. म्हणजे चोरलेले काडतूस कुणाच्याही परवान्याच्या रायफलीत बसणार नाही.

प्रशासक म्हणून मला या विचारातील हुशारी मान्य करावी लागते. हजारो चौक्यांवर पहारा बसवण्यापेक्षा एक आकडा बदलणे स्वस्त. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान या दोन्ही देशांत .४५० मापाच्या रायफली व काडतुसे आणायला बंदी झाली. कारण जुन्या मार्टिनी-हेन्रीची गोळी त्याच मापाची होती आणि त्या रायफली नको त्या हातांत पोचल्या होत्या. या बंदीचा परिणाम थेट लंडनच्या कारागिरांवर झाला. हत्तीच्या आणि गव्याच्या शिकारीसाठी .४५० हे मोठे लोकप्रिय माप होते, आणि हिंदुस्थान ही त्यांची मोठी बाजारपेठ. मग कुणी .४६५ काढले, कुणी .४७०, कुणी .४७५. शिकारीच्या पुस्तकांत ही मापे कारागिरांच्या प्रतिभेची उदाहरणे म्हणून येतात. प्रत्यक्षात त्यांच्या मागे एक सरकारी अधिसूचना उभी आहे.

.३०३ चे तसेच झाले. ब्रिटिश सैन्याने हे काडतूस १८८८ साली ली-मेटफर्ड रायफलीबरोबर स्वीकारले. १८९५ मध्ये ली-एन्फील्ड आली आणि १९०७ मध्ये तिचा 'मार्क तीन' हा प्रसिद्ध नमुना. दहा काडतुसांचे मॅगझिन आणि झपाट्याने मागेपुढे होणारा बोल्ट, यांमुळे तरबेज सैनिक मिनिटाला पंधरा नेमके बार काढू शकत असे. शिकाऱ्यांनाही ही रायफल हवी होती, पण हिंदुस्थानात माप आड येत होते. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने त्यावर तोड काढली. रायफल तीच ली-पद्धतीची, मात्र नळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील ८ मिलिमीटरच्या मॅनलिखर काडतुसाची. या काडतुसाच्या बुडाला .३०३ प्रमाणेच कड होती, त्यामुळे जुळवाजुळव अवघड गेली नाही. आठ मिलिमीटर म्हणजे इंचाच्या हिशेबाने .३१५. आज उत्तर भारतातील घराघरांत 'तीनसौ पंद्रह' म्हणून ओळखली जाणारी रायफल ती हीच. जे काडतूस युरोपातील एका साम्राज्याच्या सैन्याने वापरले, ते इथे 'असैनिकी' ठरले, कारण ते आपल्या सैन्याचे नव्हते!

आता कारखान्याकडे वळू. कोलकात्याच्या उत्तरेस, बराकपूरजवळ इशापूर आहे. तिथे १७८७ पासून दारूचा कारखाना होता. १९०४ साली त्याच जागी रायफलींचा कारखाना सुरू झाला. दोन्ही महायुद्धांत इथून ली-एन्फील्ड रायफली बाहेर पडल्या. जगभर ली-एन्फील्डच्या सर्व प्रकारांची मिळून सुमारे १ कोटी ७० लाख हत्यारे झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांत इशापूरचा वाटा वेगळा ओळखू येतो. लाकूड तडकू नये म्हणून दस्त्याच्या पुढच्या भागातून आरपार घातलेला एक आडवा स्क्रू ही इशापूरची खूण. संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात. महायुद्धाच्या काळातील रायफलीवर मुकुट आणि 'जी.आर.आय.' ही सम्राटाची अक्षरे असतात. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आर.एफ.आय.'. सत्तांतर झाले ते पोलादाच्या तीन बोटे जागेवरही नोंदले गेले.

काडतुसांच्या बाबतीत मराठी वाचकाला थोडा अभिमान वाटेल अशी एक गोष्ट आहे. १८६९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यात .३०३ ची काडतुसे होत. त्यांच्या पितळी बुडावर 'के.एफ.' अशी अक्षरे असतात. अमेरिकेतील एखाद्या संग्राहकाला पुणे शहर नकाशावर दाखवता येणार नाही, पण 'के.एफ.' म्हणजे 'किर्की' हे त्याला पाठ असते.

इशापूरलाच राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा आणखी एक नमुना घडला. तुरुंगाचे पहारेकरी आणि पोलिस यांच्यासाठी .३०३ रायफली बदलून .४१० मापाच्या मस्केटी केल्या गेल्या. नळीतल्या खाचा गेल्या, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा आला आणि एका वेळी एकच काडतूस भरायची सोय उरली. काडतूसही .३०३ च्या पितळी पुंगळीला मान न देता सरळ ठेवून केलेले. म्हणजे बाजारातले .४१० चे काडतूस त्यात चालत नसे, आणि सैन्याचे .३०३ ही नाही. हत्यार हिसकावले गेले तरी हिसकावणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होऊ नये अशी ही व्यवस्था होती. १८५८ ची कल्पना साठ-सत्तर वर्षांनीही सुखरूप होती.

आता थोडे बाहेर जाऊ. दुसरे महायुद्ध संपल्यावर विजयी आणि पराभूत अशा दोन्ही बाजूंच्या सैन्यांकडे लक्षावधी बोल्ट-ॲक्शन रायफली शिल्लक होत्या, आणि नवे युग आपोआप काडतूस भरणाऱ्या हत्यारांचे होते. ब्रिटनच्या ली-एन्फील्ड, जर्मनीच्या माउझर, अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कवडीमोलाने विकल्या जाऊ लागल्या. कॅनडा-अमेरिकेत तर टपालाने मागवता येत. खेड्यातला शेतकरी हरणाच्या मोसमापूर्वी अशी रायफल घेई आणि घरच्या पडवीत तिला शिकारी रूप देई. याला तिकडे 'स्पोर्टराइझ करणे' म्हणतात. पुढचे लांब लाकूड अर्ध्यावर करवतायचे, नळीवरचे लाकडी आच्छादन फेकून द्यायचे, संगीन लावायची लोखंडी टोपी काढायची, कधी नळी आखूड करायची, आणि दुर्बीण बसवण्यासाठी वरून भोके पाडायची. वजन घटे, रायफल सुटसुटीत होई. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने तर असे बदल करून विकण्याचा मोठा व्यवसायच केला.

ऑस्ट्रेलियातही आकड्याचे बंधन आडवे आले. न्यू साउथ वेल्स राज्यात .३०३ या लष्करी मापावर निर्बंध होते, म्हणून तिथल्या कारागिरांनी .३०३ च्या पुंगळीचे तोंड आवळून .२५ मापाची गोळी बसवली आणि '.३०३/२५' हे नवे काडतूस जन्माला आले. कोलकाता आणि सिडनी, दोन्हीकडे सरकारने एक आकडा बंद केला आणि लोकांनी शेजारचा आकडा शोधला.

अमेरिकेतील टपालविक्रीचा शेवट एका शोकांतिकेने झाला. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती टपालाने मागवलेल्या, इटालियन सैन्याने निकाली काढलेल्या कार्कानो रायफलीने. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री आणि अशा लष्करी हत्यारांची आयात बंद झाली. १९८० च्या दशकात जुन्या नमुन्यांच्या आयातीला पुन्हा वाट मिळाली आणि त्या वाटेने भारतातील रायफलीही तिकडे पोचल्या.

या रायफलींत एक विशेष आहे. १९६२ च्या युद्धात आपले जवान हिमालयात .३०३ घेऊन लढले. त्यानंतर इशापूरने जुन्याच ली-एन्फील्डचा, पण अधिक मजबूत पोलादाचा आणि ७.६२ मिलिमीटर काडतुसाचा नवा नमुना केला. '२ए' आणि थोड्याच काळाने '२ए१'. मॅगझिन बारा काडतुसांचे. सेल्फ-लोडिंग रायफली पुरेशा होईपर्यंतची ती तरतूद होती. ली-एन्फील्ड घराण्यातील ही अखेरच्या रायफलींपैकी एक, आणि तिची कल्पना सर्वस्वी भारतीय. अमेरिकेत पोचल्यावर व्यापाऱ्यांनी तिच्यापैकी कित्येकींची नळी आणि लाकूड कापून त्यांना ब्रिटिश 'जंगल कार्बाइन'सारखे रूप दिले. भारतीय कारखान्याची स्वतंत्र निर्मिती तिथे ब्रिटिश नमुन्याची नक्कल म्हणून विकली गेली!

नंतरच्या पिढीला वाईट वाटू लागले, आणि तिथून जीर्णोद्धाराचा छंद सुरू झाला. कापलेल्या रायफलीसाठी त्याच कारखान्याचे, त्याच काळाचे पुढचे लाकूड शोधायचे. कड्या, टोपी, वरचे आच्छादन एकेक करून मिळवायचे. जुन्या लाकडावर रंधा फिरवायचा नाही. फक्त मळ काढून जवसाचे तेल पुन्हा पुन्हा मुरवायचे. नळी, बोल्ट, टोपी यांवरचे क्रमांक जुळतात का पाहायचे. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर काडतुसामागची जागा मोजल्याशिवाय बार काढायचा नाही, कारण तिथे सैलपणा असेल तर पुंगळी फुटून इजा होऊ शकते. लाकूड नवे बसवता येते, पण दुर्बिणीसाठी पाडलेले भोक बुजवता येत नाही.

कॅनडात स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाने, तिथल्या परवान्यावर घेतलेल्या अशाच एका इशापूर रायफलीबद्दल मला विचारले होते, की तिला मूळ रूपात आणावे की नाही. माझे उत्तर असे, की 'मूळ' म्हणजे कोणत्या वर्षाचे, हे आधी ठरवावे. एखाद्या शेतकऱ्याने नुसते लाकूड कापले असेल तर ते पुन्हा जोडण्यात काही बिघडत नाही. पण .३१५ ची बीएसए रायफल कुणी 'लष्करी' करू लागला तर ते खोटे होईल, कारण ती कधी लष्करी नव्हतीच. ती एका निर्बंधाची लेक आहे. तसेच .४१० च्या मस्केटीत पुन्हा खाचांची नळी घातली तर रायफल सुधारेल, पण पुरावा नष्ट होईल. आपण जमिनीच्या जुन्या नोंदीत खाडाखोड करत नाही. चुकीची नोंदही कंस करून, वाचता येईल अशी ठेवतो. इथेही तोच नियम लावावा.

स्वतंत्र भारताने या वारशाचे काय केले? १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत त्याच आधारावर दुरुस्ती मांडली. कामत हे आयसीएसचा राजीनामा देऊन सुभाषबाबूंबरोबर गेलेले. मध्य प्रांतात जिल्ह्याचा कारभार पाहिलेला माणूस ही मागणी करतो, याला वजन होते. दुरुस्ती नामंजूर झाली. घटनेत हक्क आला तो 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा. फाळणीचा रक्तपात ताजा असताना यापेक्षा वेगळा निर्णय होणे कठीण होते, आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. वंशभेद गेला होता, अर्ज करण्याचा मार्ग सर्वांना सारखा झाला होता. पण बोरचा रकाना तसाच राहिला. 'निषिद्ध बोर' आणि 'अनिषिद्ध बोर' ही विभागणी आजही कायम आहे. .३०३ रायफल, ९ मिलिमीटर पिस्तूल, .३८ आणि .४५५ ची रिव्हॉल्वरे निषिद्ध; .३१५ रायफल आणि .३२ रिव्हॉल्वर चालते. परदेशात ज्याला छंद म्हणतात, त्यातले जवळजवळ प्रत्येक काम इथे कायद्याच्या एखाद्या कलमाखाली येते. कलम ५ प्रमाणे दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायला परवाना लागतो. कलम ४५ मध्ये जुन्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तर. म्हणजे जीर्णोद्धार जितका चांगला, तितकी सूट दूर! शिवाय १९८३ पासून एका व्यक्तीला तीन, आणि २०१९ च्या दुरुस्तीने, नेमबाजांसारखे अपवाद सोडता, दोनच हत्यारे ठेवता येतात. दोन वस्तूंचा संग्रह होत नाही.

उत्तरेतील एका जिल्ह्यात असताना माझ्यापुढे वारसा-परवान्याचे एक प्रकरण आले. आजोबांची रायफल नातवाला हवी होती. खालून टिप्पणी आली होती, 'हत्यार फौजी बनावटीचे दिसते, सबब निषिद्ध बोर.' फाइल बरेच महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. शेवटी पोलिस दलाच्या आर्मररला बोलावून माप घ्यायला सांगितले. नळीवर .३१५ असे स्वच्छ कोरलेले होते. हत्यार फौजी दिसत होते खरे, पण ते फौजी नसावे म्हणूनच मुद्दाम तसे घडवले गेले होते. नियम लक्षात राहिला, त्यामागचे कारण मात्र कार्यालय पार विसरून गेले होते. आपल्या प्रशासनात असे किती रकाने आपण कारण न विचारता भरत असतो!

कारण विसरले की नियमाचा परिणामही दिसेनासा होतो. कोणतेही हिंदी वर्तमानपत्र उघडा. उत्तर प्रदेश-बिहारमधील गुन्ह्याच्या बातमीत '३१५ बोरचा कट्टा' हटकून सापडतो. लष्करी कोठारातून होणारी गळती थांबावी म्हणून हे माप निवडले होते. परवान्याच्या दुकानातून मिळणारे काडतूस हेच असल्यामुळे गावठी लोहाराने आपला कट्टा त्याच मापाचा केला. गळती थांबली नाही, तिचे ठिकाण बदलले. बोरच्या नियमाने प्रामाणिक माणसाचे हत्यार बदलले, अप्रामाणिक माणूस नव्या मापाला सरावला. म्हणून निर्बंध सैल करावेत असे मी म्हणत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा राखण्यापेक्षा काडतुसांचा हिशेब – किती विकली, कुणी घेतली, किती पुंगळ्या परत आल्या – राखणे अधिक उपयोगी आहे, एवढेच म्हणतो.

दरम्यान खुद्द .३०३ निवृत्त होते आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांनी स्वयंचलित रायफलींना तोंड दिले ते या हत्याराने, आणि तिची वेळ संपल्याचे देशाला दिसले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला समारंभपूर्वक निरोप दिला. १९४५ पासून ती त्या दलात होती. इशापूरचा कारखानाही ऑक्टोबर २०२१ पासून एका नव्या सरकारी कंपनीच्या छत्राखाली गेला आहे.

आता प्रश्न उरतो तो निवृत्त रायफलींचा. निकामी हत्यारे तोडून वितळवणे ही सर्वसाधारण रीत आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती बरोबरही आहे. पण सगळीच एकाच मापाने वितळवू नयेत. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, भट्टीत घालण्यापूर्वी प्रत्येक रायफलीवरील कारखाना, वर्ष, नमुना आणि खुणा यांची नोंद करावी. आर्मररला यासाठी हत्यारामागे दहा मिनिटे पुरतात. दुसरी, प्रत्येक राज्याने वेगवेगळ्या काळाचे काही नमुने निवडून, ते कायमचे निकामी करून पोलिस संग्रहालयात ठेवावेत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने निकामी केलेल्या हत्यारावर अधिकृत चाचणीगृहाची खूण उमटवण्याची पद्धत आली. तशी खूण आपल्यालाही ठरवता येईल. तिसरी, जिल्ह्यांतील शस्त्रांच्या जुन्या नोंदवह्या संगणकीकरणानंतर रद्दीत जाऊ देऊ नयेत, त्या अभिलेखागारात पाठवाव्यात. रायफल हा पुराव्याचा एक अर्धा भाग असेल, तर ती कुणाला, का आणि कोणत्या अटीवर मिळाली हे सांगणारी नोंदवही हा दुसरा अर्धा भाग आहे.

आज इशापूरच्या रायफलींचा बारकाईने अभ्यास करायचा असेल तर ओंटारिओ किंवा टेक्सासमधील एखाद्या हौशी माणसाच्या तळघरात जावे लागते. त्या माणसांचे मी आभारच मानतो. पण बिनखाचांच्या नळीपासून लाकडी ठोकळ्याच्या मस्केटीपर्यंत आणि तिथून अशोकस्तंभाच्या शिक्क्यापर्यंतचा हा प्रवास आपल्या राज्यव्यवस्थेचा आहे, आणि तो सांगणाऱ्या काही वस्तू तरी आपल्या देशात, आपल्या मुलांना पाहता येतील अशा ठिकाणी राहायला हव्यात. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, फार पैसाही लागणार नाही. हत्यारे निकाली काढण्याच्या आदेशात दोन ओळी वाढवाव्या लागतील, आणि त्या वाढवणे पूर्णपणे आमच्याच हातात आहे.